पोचलो

फोन दोनदा वाजला आणि थांबला. डोरीन प्रिबिल स्वयंपाकघरात टेबलाशी बसून दुधात बुडवलेलं बिस्किट तोंडाशी नेत होती. हात तिथेच राहिला आणि बिस्किटाचा ओला तुकडा टपकन टेबलावर पडला. दोनदा वाजून थांबणं म्हणजे ‘पोचलो’. हे ठरलेलं होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. ब्रेमर नवराबायको मुलांना डोरीनवर सोपवून शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला आणि मागाहून नाचाला तळ्याकाठच्या गावी गेले होते. तिथून इथे बोलायचं तर ट्रंक कॉलचे पैसे पडतात. तेव्हा पोचल्यावर दोन रिंगा देऊन ठेवून द्यायचा, इकडे कुणी उचलायचा नाही, निरोप फुकटात मिळतो. परत निघताना पुन्हा तसंच. मिलवॉकीच्या या बाजूला सगळीच घरं असं करतात. रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून बसणाऱ्या माणसांनाही टेलिफोनवाल्यांना असं बनवण्यात पाप वाटत नाही. पण ‘पोचलो’चा निरोप मघाशीच येऊन गेला होता, डोरीन मुलांना झोपवून जिना उतरत होती तेव्हाच. निघायला अजून खूप अवकाश होता, आणि एकदा पोचलेली माणसं पुन्हा कशाला पोचतील?

तिने फडक्याने टेबल पुसलं, मग पुसलेलंच पुन्हा पुसलं. विसरल्या असतील मिसेस ब्रेमर, दुसरं काय. त्या विसरभोळ्या होत्याच. संध्याकाळी निघताना हातमोजे घेऊन गाडीपर्यंत जायच्या, पर्स राहिली म्हणून परत यायच्या, आणि पर्स घेताना हातमोजे टेबलावर ठेवायच्या. पहिला फोन केलेला आठवलं नसेल, म्हणून पुन्हा केला. डोरीनला हे पटलं, आणि पटलं तरी ती उठून मागच्या दाराला कडी घालून आली. कडी घालताना तिची तिलाच लाज वाटली. या वस्तीत दाराला कडी लावत नाहीत. लावली तर शेजाऱ्याला वाटतं की आपल्याविषयी काहीतरी संशय आहे. सोळा वर्षांची घोडी झाली आणि दोन रिंगांना भ्याली, असं तिची आई म्हणाली असती आणि वर हसलीही असती. घर गल्लीतलं शेवटचं. त्याच्यापुढे नुसते आखलेले प्लॉट होते, जमिनीत खुंट्या ठोकून दोऱ्या बांधलेल्या, आणि त्या पलीकडे एका घराचा एकच दिवा. दिवसभर कुणीकुणी अंगणात पानं जाळली होती. त्यांचा वास बंद खिडक्यांतूनही आत येत होता आणि घशाला कोरड पडत होती.

मग पुन्हा दोन रिंगा वाजल्या. या वेळी ती फोनसमोरच उभी होती. भिंतीवरचा पिवळा फोन, त्याची पीळदार वायर खालपर्यंत लोंबलेली. पहिली रिंग, मधली शांतता, दुसरी रिंग. तिसरी येईल म्हणून तिने श्वास धरून ठेवला. ती आली नाही. हात पुढे झाला होता, पण उचलायचा नाही हे तिला इतक्यांदा बजावलेलं होतं की उचलणं हीच चोरी वाटली असती. उचलला की पैसे लागतात, तिकडे टाकलेली नाणी बुडतात, मग मिस्टर ब्रेमर हसत हसत विचारतात की काय गं डोरीन, एवढी कुणाची आठवण आली? ती उभी राहिली आणि एकाएकी तिच्या मनात आलं की ‘पोचलो’ एवढंच त्या दोन रिंगांत असतं. कुठे पोचलो ते नसतं, आणि कोण ते तर नसतंच. आपणच ते मनाने भरून घेतो. आणि जो कुणी हे सांगत होता तो दर वेळी नव्याने पोचत होता, म्हणजे मधल्या वेळात तो चालत होता.

भीतीची एक गंमत आहे. ती एकटी कधी येत नाही, जुन्या सोयऱ्यांना घेऊन येते. डोरीनला उगाचच चर्चच्या तळघरातलं जेवण आठवलं, ती नऊदहा वर्षांची असतानाचं. ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने तिचा हात हातात घेतला होता आणि सोडलाच नव्हता. तो मोठ्यांशी हवापाण्याचं बोलत राहिला आणि त्याचा ओलसर अंगठा तिच्या मनगटावर पुढेमागे फिरत राहिला. तिने हात ओढून घेतल्यावर आईने घरी येताना सुनावलं होतं की म्हातारा माणूस, चांगला माणूस, असा हात ओढतात का, काय वाटलं असेल त्याला. त्याला काय वाटलं असेल याचा विचार डोरीनने मग कितीतरी दिवस केला. आपल्याला काय वाटलं होतं ते मात्र कुणी विचारलं नाही, म्हणून तिनेही ते कुठे ठेवून दिलं ते तिला आठवेना. आज ते या परक्या स्वयंपाकघरात सापडलं. मनगटावर तोच ओलेपणा, जसाच्या तसा. तिने हात फ्रॉकला पुसला.

बाहेर काही तरी हललं. वारा असेल. वाऱ्याने शिडी भिंतीवर घासली असेल. हिवाळ्यासाठी खिडक्यांवर दुसऱ्या काचा चढवायचं काम मिस्टर ब्रेमरांनी अर्धंच केलं होतं, आणि शिडी मुलांच्या खोलीच्या खिडकीखाली तशीच टेकवून ठेवली होती. कामाचा माणूस मोठा. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या विधवेच्या काचा दर वर्षी तेच चढवतात, बर्फ पडलं की तिच्या पायऱ्या तेच झाडतात, चर्चमध्ये दानाची थाळी तेच फिरवतात. त्यांच्याकडे मुलं सांभाळायला जाते म्हटल्यावर आई खूश झाली होती. घर चांगलं आहे म्हणाली होती. रात्री परत आल्यावर मुलीला घरच्या पुरुषाने गाडीने सोडायचं हा इथला शिरस्ता, आणि मिस्टर ब्रेमर तो नीट पाळत. वाटेत रेडिओ बंद करून टाकत. तळ्याकडून वळसा घेत, चांदणं छान पडलंय म्हणून. बोटसुद्धा लावलं नव्हतं त्यांनी कधी. नुसतं विचारत राहायचे, गाडी हळू चालवत, पुढे बघत: घरात एकटी असतेस तेव्हा भीती वाटते का गं? कधी जास्त वाटते? भीती वाटली की काय करतेस, बसून राहतेस की उठून बघतेस? डोरीन सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. मोठ्या माणसाने विचारल्यावर उत्तर द्यायचं असतं. घरी उतरल्यावर ‘थँक यू’ म्हणायचं असतं, तेही ती म्हणायची, आणि मग आंघोळीला जायची. इतक्या रात्री कसली आंघोळ, आई ओरडायची.

मागच्या दाराची मूठ फिरली. जोरात नाही, खटपट करून नाही. कुणी आपल्याच घरी यावं तशी सवयीने फिरली, कडीला अडकली, क्षणभर तशीच राहिली आणि सावकाश परत जागेवर आली. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते डोरीनने पुस्तकात वाचलेलं होतं, ते हे. पाय मात्र आपोआप चालले, बैठकीतून पुढच्या दाराकडे. खुंटीवरचा कोट तिने कधी अंगात घातला ते तिला कळलं नाही. पुढचं दार उघडायचं, पायऱ्या उतरायच्या, खुंट्या आणि दोऱ्या चुकवत त्या पलीकडच्या दिव्याकडे पळत सुटायचं, बस. ती वेगाने पळायची, शाळेत तिचं नाव होतं. अंधारात कुणी तिला गाठू शकलं नसतं. पण तान्ह्या ट्रुडीला कडेवर घेऊन आणि चार वर्षांच्या आर्नीचा हात धरून पळता येत नाही. एकटीनेच पळायचं. हे तिच्या मनात स्पष्ट, शब्दांत आलं: एकटीनेच. तिचा हात दाराच्या मुठीवर होता आणि मूठ थंडगार होती, आणि तिने ती अर्धी फिरवलीही होती.

तेवढ्यात वरून आर्नीने हाक मारली. रडत नव्हता, नुसती हाक मारत होता, झोपेतल्या जड आवाजात. डोरीन दारापाशी उभी राहिली. तिला त्या क्षणी त्या पोराचा संताप आला, हे खरं आहे, आणि तो तिने गिळला. ती कोट तसाच अंगात ठेवून वर गेली. आर्नी पलंगावर उठून बसला होता, केस घामाने कपाळाला चिकटलेले.

“बाबा खिडकीत होते,” तो म्हणाला.

“बाबा नाचाला गेलेत, राजा. स्वप्न पडलं तुला.”

“त्यांनी असं केलं.” आणि त्याने ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

तिने पडदा सारून बघितलं. काचेबाहेर कुणी नव्हतं. शिडीचं वरचं टोक तेवढं दिसत होतं, संध्याकाळी होतं तसंच. तिने आर्नीला आडवं केलं, पांघरूण सारखं केलं, आणि त्याच्या पाठीवर थोपटता थोपटता स्वतःला समजावलं की चार वर्षांच्या मुलाला अंधारात दिसलेला कुठलाही माणूस बापच वाटतो. वाक्य शहाण्यासारखं होतं. पण ते मनात म्हणून झाल्यावरच तिला कळलं, की आपण ‘दिसलेला माणूस’ म्हणालो, म्हणजे माणूस होता हे आपण धरून चाललो आहोत. ट्रुडी पाळण्यात मुठी वळून झोपली होती. खालच्या मजल्यावर फोन पुन्हा दोनदा वाजला.

ती खाली धावली आणि रिसीव्हर उचलून शून्य फिरवलं. आता विचार करायचा नाही, पोलीस मागायचे. पलीकडून ऑपरेटर बाई बोलल्या. आवाज थकलेला, पण गोड, ड्यूटीवरच्या बाईचा असतो तसा. काय मदत करू, असं त्यांनी विचारलं. काय सांगायचं? फोन वाजतो पण मी उचलत नाही? दाराची मूठ फिरली, पण कडी होती? पोराने म्हटलं, बाबा खिडकीत होते? पोलिसांची गाडी वर लाल दिवा फिरवत या गल्लीत येईल, घराघरांतून पडदे हलतील, रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मिसेस ब्रेमरांना मान खाली घालावी लागेल, आणि आई म्हणेल, हात दाखवून अवलक्षण. बाईंनी पुन्हा विचारलं, काही अडचण आहे का. “नाही, नाही,” डोरीन म्हणाली. “माफ करा, चुकून लागला. थँक यू.” आणि तिने फोन ठेवून दिला. थँक यू! दाराबाहेर काळ उभा असला तरी या वस्तीतली मुलगी आधी त्याला त्रास दिल्याबद्दल माफी मागेल, मग मरेल.

त्यानंतर काहीच झालं नाही, आणि ते सगळ्यात वाईट होतं. ती जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसली, कोट घातलेला, मांडीवर स्वयंपाकघरातली मांस कापायची सुरी. इथून पुढचं दार दिसत होतं आणि मुलांचे श्वास ऐकू येत होते. फ्रिज गुरगुरून थांबला की घर एकदम मोठं व्हायचं. तिला आपलं अंग परकं वाटायला लागलं. गुडघे, मोजे, सुरीवरची बोटं, हे सगळं कुणीतरी बाहेरून बघतंय आणि त्यामुळेच ते आहे असं. पुष्कळ वेळाने तिला एक गाडी गल्लीच्या तोंडाशी सुरू होऊन लांब गेल्यासारखी वाटली. फोन बराच वेळ गप्प होता. मग तो दोनदा वाजला, तेव्हा तिने नुसतं डोकं भिंतीला टेकवलं. ही निघाल्याची खूण असेल किंवा नसेल. दोन्ही सारखीच ऐकू येतात.

पण ती खरीच निघाल्याची खूण होती. गाडीचे दिवे बैठकीच्या भिंतीवरून सरकले तेव्हा तिने धावत जाऊन सुरी जागेवर ठेवली. मिसेस ब्रेमर आत आल्या त्याच अंगाला तळलेल्या मासळीचा, सिगारेटचा, माणसांच्या गर्दीचा उबदार वास घेऊन. त्यांच्यामागून मिस्टर ब्रेमर आले. त्यांनी कोट काढून डोरीनच्या हातात दिला, खुंटीला लावायला, आणि तो कोट आतपर्यंत गार होता. त्याला जळक्या पानांचा वास येत होता. दोघं एका गाडीतून आली, एका नाचातून आली, आणि एकीला गर्दीचा वास तर दुसऱ्याला अंगणाचा. डोरीनने कोट खुंटीला लावला. मुलं छान झोपली आहेत म्हणाली. बाकी तिने काही सांगितलं नाही.

“फोन नाही ना उचललास?” मिस्टर ब्रेमर हसून म्हणाले. “शहाणी गं बाई तू. इतक्यांदा वाजला तरी नाही उचललास.”

मिसेस ब्रेमर कानातलं काढत होत्या. त्यांचा हात कानापाशीच थांबला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही, डोरीनकडेही नाही. त्या फोनकडे बघत होत्या. मिस्टर ब्रेमरांनी किल्ल्या खुळखुळवल्या आणि चला, असं नुसत्या भुवयांनी विचारलं. चांदणं छान होतं आज. डोरीनचे पाय निघालेसुद्धा. हे तिला नंतर आठवलं की अंगावर शहारा यायचा. सगळं कळलं होतं आणि तरी पाय निघाले होते, कारण माणूस किल्ल्या घेऊन दाराशी खोळंबला होता आणि त्याला खोळंबवणं बरं दिसत नाही.

“आज मी सोडते तिला,” मिसेस ब्रेमर म्हणाल्या.

“तू? बूट काढलेस की.”

“घालते परत.”

त्यांनी बूट घातले नाहीत. नाचाच्या झग्यावर कोट चढवून त्या घरातल्या सपाता घालूनच बाहेर पडल्या आणि किल्ल्या नवऱ्याच्या हातातून त्यांनी काढून घेतल्या. तो दारात उभा राहून हसत होता. गाडीत मिसेस ब्रेमर हवेविषयी बोलल्या. या वर्षी बर्फ लवकर पडणार म्हणतात. ट्रुडीला दात येतायत. मासळी आज जरा जास्तच खारट होती. त्यांनी तळ्याचा वळसा घेतला नाही, सरळ रस्त्याने आल्या, आणि डोरीनच्या घरासमोर गाडी उभी करून त्याच आवाजात म्हणाल्या, “पुढच्या शुक्रवारी येशील ना? मुलांना तुझा फार लळा लागलाय.”

इथे कुणी ‘नाही’ म्हणत नाही. ‘बघू’ म्हणतात. ‘आईला विचारते’ म्हणतात. ऐकणाऱ्याला कळतं आणि दोघांचीही अब्रू राहते. डोरीनच्या जिभेवर ते ‘बघू’ आलेलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “मी परत येणार नाही.”

मिसेस ब्रेमरांनी मान हलवली, जणू भाव विचारला आणि जमला नाही. “असू दे. बार्टेलांची रूथी विचारत होती. चौदा पूर्ण झालीय आता.” गाडीचं इंजिन चालू होतं. डोरीनने दार उघडलं होतं, थंडी आत येत होती. रूथी बार्टेल तिच्या मागच्या गल्लीत राहायची. दातांना तार लावलेली, सगळ्यांना हसून हात करणारी. डोरीनने दार पुन्हा ओढून लावलं आणि ती बसून राहिली.

“ते कुठून फोन करत होते, तुम्हाला माहितीय,” ती म्हणाली.

मिसेस ब्रेमरांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. कोटाच्या बाहीतून त्यांचं मनगट बाहेर आलं होतं, आणि त्यावर जुना पिवळा पडलेला डाग होता. त्यांनी तो झाकला नाही.

“आमच्या गल्लीच्या तोंडाशी पेट्रोल पंप आहे, तिथून. मी नाचघराच्या पायरीवर येऊन बघते, तर गाडी जागेवर नसते. मग आत जाऊन बसते. लोक विचारतात लॉइड कुठाय, मी सांगते बाहेर सिगारेट ओढतोय.”

“मग मुली का बोलावता?”

“घरात कुणी मुलगी असली की तो घराकडे बघत बसतो,” मिसेस ब्रेमर म्हणाल्या. “आठवडाभर पुरतं त्याला तेवढं. कुणी नसलं की माझ्याकडे बघतो.”

हे त्या इतक्या साध्या सुरात बोलल्या की डोरीनला त्याचा अर्थ पोचायला वेळ लागला. मग पोचला, आणि तिला रडू फुटलं. संबंध रात्रीत आलं नव्हतं ते आत्ता आलं, आणि आपण कुणासाठी रडतोय ते तिला कळेना. या बाईची कीव करावी की हिच्या थोबाडीत मारावी? दोन्ही एकदम वाटत होतं.

“मी सकाळी बार्टेलांकडे जाऊन सांगणार आहे,” ती म्हणाली. “रूथीच्या आईला. आणि माझ्या आईला. सगळं सांगणार, तुमचं नाव घेऊन.”

“सांग,” मिसेस ब्रेमर म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. “मला नाही जमलं. दर वेळी वाटतं, ही पोरगी तरी सांगेल कुणाला. सगळ्या चांगल्या घरच्या निघतात. बघू म्हणतात आणि येत नाहीत.”

डोरीन उतरली. सकाळी दार कसं ठोठावायचं, पहिलं वाक्य काय म्हणायचं, याची ती मनात जुळवाजुळव करायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की सकाळ व्हायला अजून पुष्कळ वेळ आहे, आणि मधली रात्र तिला नाही, गाडीतल्या बाईला काढायची आहे. मिसेस ब्रेमरांनी गाडी मागे घेतली, आरशात बघून केस सारखे केले, आणि नवरा जागा होता त्या घराकडे त्या सावकाश निघाल्या.